युनिकोड कन्व्हर्टर फुकट दिलाय, पण देखभालीचे पैसे कुणाकडे आणि कसे मागायचे?

मेघना_सांगली

नमस्कार मंडळी. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक पायथन लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड) मी सांभाळते. श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे आयएसएमवाले फॉन्ट. छापखान्यात काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, रफार नंतर, आणि युनिकोडमध्ये दोन्ही नेमकं उलट. त्यात एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत 'क्ष' वेगवेगळ्या खणात सापडतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता मी हाताने बसवलाय. परवाना एमआयटी, म्हणजे कुणीही वापरा, विका, माझी हरकत नाही.

आता एक प्रकाशनसंस्था आपल्या मासिकाचे सगळे जुने अंक त्यावर बदलून घेतेय. त्यांचा माणूस रात्री अकराला व्हॉट्सॲप करतो, "मॅडम, जोडाक्षरं फुटतायत, उद्या फाइल द्यायचीय." मी दिवसा नोकरी करते हो. रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या पानात) यूपीआयचा क्यूआर टाकलाय, त्यातून डोमेनचे पैसे जेमतेम सुटतात. एकाने ११ रुपये पाठवून 'शुभेच्छा' लिहिलं. त्याचे मनापासून आभार, थट्टा नाही.

नवरा म्हणतो ट्रस्ट काढ. मैत्रीण म्हणते परवाना बदल आणि कंपन्यांना पैसे लाव. मध्येच जर्मनीतल्या एका ग्रंथालयाने विचारलंय की तुम्हाला पैसे कसे पाठवायचे. लायब्ररी मला फुकटच ठेवायचीय, माझ्या रात्री तेवढ्या फुकट जायला नकोत. कुणी केलंय का असं काही?

नोड_निखिल

देणगीवर चालतं की. थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर सॉफ्टवेअर बघा. २००२ मध्ये कंपनी बंद पडली होती. गुंतवणूकदार म्हणाले एक लाख युरो द्या, सोर्स कोड सगळ्यांना खुला करतो. लोकांनी सात आठवड्यांत जमवून दिले. आज त्यांच्या डेव्हलपमेंट फंडावर पगारी माणसं आहेत. क्यूआर जरा ठळक जागी लावा.

खरेदी_खाते

निखिल, ब्लेंडर वापरणारा माणूस दिवसभर त्याच खिडकीसमोर बसलेला असतो, त्याला ते आपलं वाटतं. लायब्ररी पोटात दडलेली, तिच्याकडे कोण बघतो? वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीवर निम्मं इंटरनेट उभं होतं. २०१४ साली तिच्यात हार्टब्लीड नावाची मोठी सुरक्षा-त्रुटी निघाली तेव्हा लोकांना कळलं की त्यांना वर्षाला देणगी येत होती सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच. मग लिनक्स फाउंडेशनमार्फत मोठ्या कंपन्यांनी पाकिटं उघडली. घर जळल्यावर बंब.

मेघना, वयाने मोठा आहे म्हणून एकेरी लिहितो. माझी सगळी नोकरी भोसरीत कारखान्याच्या खरेदी विभागात गेली, आत्ता निवृत्त झालो. माझ्या टेबलावर देणगीचा कागद आला असता तर मी तो एमडींच्या केबिनकडे सरकवला असता. तिथून सीएसआरकडे, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या खात्याकडे, आणि सीएसआरवाल्यांनी "८०जी (देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी) आहे का?" विचारून परत धाडला असता. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद मात्र कधी अडलेला बघितला नाही. एसी, झेरॉक्स, लिफ्ट, पाण्याचा आरओ, सगळ्याचं एएमसी असतं. बजेटात त्याचं खातं असतं, मंजुरी विभागप्रमुखाच्या हातात असते आणि दर वर्षी चर्चेविना नूतनीकरण होतं. तुझ्या त्या प्रकाशनाला द्यायचंच नाहीये असं समजू नकोस. द्यायला कागदच नाहीये त्यांच्याकडे.

एक पानी कोटेशन पाठव. लायब्ररी फुकट आहे आणि फुकटच राहील, हे पहिल्या ओळीत. मग वर्षाला किती तक्रारी सोडवणार, उत्तर किती कामाच्या दिवसांत देणार, नवा फॉन्ट जोडायचा तर प्रति फॉन्ट किती. जी दुरुस्ती होईल ती त्याच एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना खुली होईल, ही अट कोटेशनातच घाल. नाहीतर उद्या त्यांचा वकील म्हणेल, पैसे आम्ही दिले, कोड आमचा. आणि रात्री अकराच्या मेसेजला तातडीचा वेगळा दर लाव. दर वाचून माणसं लवकर झोपतात.

शिवाय लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून घे, ऑनलाइन आहे, फी नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. मुदत उलटली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही. हा नियम आला आणि आमचे अकाउंटवाले, जे एरवी फोन उचलत नसत, लहान पुरवठादारांना आपणहून फोन करू लागले. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छाप.

सीए_डोंबिवली

ट्रस्ट नको. परदेशी देणगी घ्यायची तर ट्रस्टला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते. त्यासाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात १५ लाख खर्च झालेला हवा, आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. व्यवसायात दिलेल्या सेवेचा मोबदला मात्र परदेशी देणगीत मोडत नाही. तेव्हा जर्मनांना सरळ बिल पाठवा, कामाचं वर्णन नीट लिहून. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. पुढे घेतलीत तर एलयूटी (हमीपत्र) भरून निर्यात शून्य दराने करता येते. पैसे आले की बँकेकडून परकीय रकमेचा दाखला मागून ठेवा.

या सगळ्याच्या आधी एक करा. नोकरीच्या करारात बाहेरचं काम आणि कोडची मालकी याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मालकाची लेखी परवानगी नसताना बिल फाडू नका.

ओंकार_बर्लिन

परवाना बदलू नकोस. हॅशिकॉर्प कंपनीने २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म सॉफ्टवेअरचा बदलला, तर लोकांनी जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू काढलं. रेडिस डेटाबेसने २०२४ मध्ये बदलला, तसंच वाल्की निघालं. तुझी जुनी एमआयटी आवृत्ती तर कुणीही दुपारच्या चहाआधी फोर्क करेल, म्हणजे तिची प्रत घेऊन वेगळी चालवेल.

अनुदानाचंही बघ. शेअर दलाल कंपनी झिरोधाचा, खुल्या सॉफ्टवेअरसाठीचा फ्लॉस फंड २०२४ मध्ये सुरू झाला, वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख. रेपोत (कोड ठेवतो त्या जागी) एक फंडिंग डॉट जेसॉन फाइल ठेवायची, तीच अर्जाचा आधार. नेदरलँड्सची एनएलनेट संस्था ५ हजार युरोपासून देते. पण अनुदान एखाद्या ठरावीक कामाला माग, उदाहरणार्थ सगळ्या तक्त्यांच्या स्वयंचलित चाचण्या लिहिणं. रोजची निस्तरणी त्यातून भागत नाही, ते काकांच्या एएमसीतच बसतं.

मेघना_सांगली

सगळ्यांचे आभार. करार काढून वाचला, बाहेरच्या कामाला एचआरची परवानगी लागते, मेल टाकलाय. काका, कोटेशनमध्ये आकडा किती लिहू? पैसे मागायची सवयच नाही.

खरेदी_खाते

तुझ्या तासांवरून काढू नकोस, लाजून कमीच लिहिशील. तेच अंक टायपिस्टकडून पुन्हा टाइप करून घ्यायला आणि मुद्रितशोधन करायला पानामागे काय पडतं, ते त्यांना विचार. तो दर त्यांच्याकडे तयार असतो. त्याला वर्षाच्या पानांनी गुण आणि दहावा हिस्सा माग. घासाघीस होणार, म्हणून वर पंधरा टक्के ठेव. एएमसी आगाऊच घेतात, त्यात संकोच नको. टीडीएस कापतील, त्याने दचकू नकोस, रिटर्नमध्ये जमा मिळतो.

आणि पीओ (खरेदीचा लेखी आदेश) हातात पडेपर्यंत नवा फॉन्ट उघडायचा नाही. "पीओ येतोय, तुम्ही सुरू करा" असं म्हणतील. मीच म्हणायचो.