कोरियन गाण्यांशी तुमचं नातं कसं जुळलं?

भाषा कळत नाही, देश पाहिलेला नाही, तरी कोरियन बँडमधली ही परकी मुलं घरची कशी होतात? 'वयाचं खूळ, उतरेल' हे मला पटत नाही. मी ४६ वर्षांची आहे. सुरुवात माझ्यापासून.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आई गेली. मराठी गाणं लावलं की पहिल्याच ओळीला रडू फुटायचं. लेकीच्या खोलीतून बीटीएस या कोरियन बँडचं 'स्प्रिंग डे' ऐकू यायचं, ते मात्र सोसायचं. शब्द कळत नव्हते, म्हणूनच. पुढे अर्थ वाचला, तर ते दुरावलेल्या माणसाच्या आठवणीचंच गाणं निघालं. तुम्हीही लिहा.

—

मला बांधलं ते हाकांनी. बँडमधला धाकटा मोठ्याला नुसत्या नावानं हाक मारत नाही, 'ह्युंग' म्हणतो, म्हणजे दादा. सगळ्यांत लहान तो 'मकने', आपलं शेंडेफळ. मी एकुलती एक, मुंबईत एकटी राहते. रात्री ताट घेऊन त्यांच्या व्हिडिओसमोर बसते. मोठे मकनेच्या पानात आपल्यातला घास ठेवतात, तेव्हा माझंही जेवण नीट होतं.

—

मी मानसशास्त्र शिकतेय. हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय, की पडद्यावरचा माणूस आपल्याशी बोलल्यासारखा बोलला की एकतर्फी ओळखही मैत्रीसारखी वाटते. कोरियन कंपन्यांनी हे पक्कं ओळखलंय. २०१५ पासून व्ही लाइव्ह या थेट व्हिडिओच्या अ‍ॅपवर कलाकार जेवता जेवता चाहत्यांशी गप्पा मारायचे. अल्बममध्ये कुणाचं फोटोकार्ड, म्हणजे कलाकाराचा छोटा छापील फोटो, निघेल ते आधी कळत नाही, म्हणून एकच अल्बम तीन-तीनदा घेतला जातो. मला हे खटकतं, आणि मीही घेतलेत. पण परीक्षेच्या आदल्या रात्री मिळालेला धीर खोटा होता, असं मी म्हणणार नाही.

—

'मुलगा असून हे ऐकतोस?' कॉलेजात रोजचं. बीटीएसचा लीडर, सोलजवळच्या इल्सानचा आरएम, २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत म्हणाला, की नऊ-दहा वर्षांचा असताना तो स्वतःकडे लोकांच्या नजरेनं बघायला लागला. तिथेच मी अडकलो.

—

आमचं साताऱ्याकडचं फौजी घर. डिसेंबर २०२२ मध्ये बीटीएसमधला जिन कोरियातल्या सक्तीच्या लष्करी सेवेत गेला. भिंतीवरचा त्याचा फोटो बघून आजीनं विचारलं, "हा कुठं गेला गं?" म्हटलं, फौजेत. तेव्हापासून दर महिन्याला तिचा प्रश्न, "त्या पोराची खुशाली आली का?" जून २०२४ मध्ये तो सुटून आला. आजीनं देवापुढे साखर ठेवली.