मदत हवी आहे: सव्वादोन वर्षांच्या मुलाचा दमा, रोजच्या नोंदी कशा ठेवता?

पावसाळा लागल्यापासून लेकाची तीनदा छाती भरली. तिसऱ्या वेळी एक रात्र दवाखान्यात काढली. गेले सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ बुडेसोनाइडचा (श्वासनळ्यांची सूज आटोक्यात ठेवणारं रोजचं औषध) पंप चालू आहे, मास्क लावलेल्या स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून. साल्ब्युटामॉल, म्हणजे तातडीचा पंप, फक्त त्रास झाला तरच. औषधाबद्दल शंका नाही, अडलंय ते नोंदींवर.

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, गेल्या चार आठवड्यांत रात्री खोकल्याने उठला का? पळताना, खिदळताना खोकतो का? तातडीचा पंप आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा लागला का? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. फार वाईट वाटलं. घरी येताना वही घेऊन आले.

तो गाढ झोपला की बनियन वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. एरवी २६ ते ३० भरतात. शांत असताना ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर सकाळची वाट न बघता घेऊन यायचं, हे डॉक्टरांनी पक्कं सांगितलंय. पण सर्दी झाली की ३४, ३६ असे मधलेच आकडे येतात आणि मी रात्रभर जागी. अशा वेळी तुम्ही किती-किती वेळाने मोजता? आणखी काय बघता?

दुसरं, तो आजीजवळ झोपतो. सकाळी सासूबाई म्हणतात, "काही नाही गं, पहाटे जरा ढास लागली होती, पाणी पाजलं." त्यांच्या लेखी हा खोकलाच नव्हे. मी मात्र हल्ली ढाससुद्धा वेळ घालून लिहिते. बरोबर करतेय ना?

सगळ्यात मोठा प्रश्न मास्कचा. रडत असला की औषध फुप्फुसापर्यंत फारसं पोचत नाही, हे माहीत आहे. तरी आठवड्यातून दोन-तीन डोस रडारडीतच जातात. मास्क घट्ट धरून सहा श्वास मोजते, पण त्यातले दोन तर हुंदकेच असतात. असे डोस मी वेगळ्या शाईने लिहिते, म्हणजे त्या आठवड्यात खोकला वाढला तर डॉक्टरांना दोन्ही एकत्र दाखवता येईल. तुमच्यापैकी कुणी असं केलंय का? डॉक्टरांना त्याचा उपयोग झाला का?

आणि पाळणाघरातल्या मावशींकडून दिवसाची नोंद कशी घेता? त्या प्रेमळ आहेत, पण हाताखाली आठ मुलं. त्यांना जमेल असं, दोन-तीन खुणांचंच काही हवंय. पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे.