आधी जुन्या बेस गिटारचं सेटअप करून बघा
१५ वर्षांनी बेस गिटार हातात घेतला, बोटं दुखतात म्हणून नवा घ्यायचा म्हणताय, तर थांबा जरा. माझंही हेच झालं, इथे इंदूरात कॉलेजातला बेस माळ्यावरून काढला, पाहतो तर नेक (गिटारची मान) वाकलेली, तारा गंजलेल्या, आणि मी आपला स्वतःच्या बोटांना शिव्या घालतोय! ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) थोडा फिरवून घेतला, ४५-१०५ जाडीच्या नव्या तारा टाकल्या, ॲक्शन, म्हणजे तारांची नेकपासूनची उंची, खाली आणली, वाजायला लागला ना पठ्ठ्या. तरी घ्यायचाच असेल तर ३४ इंची स्केलवर (वाजणाऱ्या तारेची लांबी) अडून बसू नका, ३० इंची शॉर्ट स्केल धरून बघा, पहिल्या फ्रेटला (नेकवरची आडवी पट्टी) हात कमी ताणावा लागतो. पाच तारांच्या बेसच्या नादी आत्ताच नका लागू. आणि हेडफोन ॲम्प घ्याच, आवाज फक्त आपल्याच कानात राहतो; आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू अजून बोलत नाहीत माझ्याशी.