शब्दचर्चा: ‘आउटलायर’ला काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
औषधचाचण्यांची कागदपत्रं मराठीत आणणं हे माझं पोटापाण्याचं काम. एरवी संमतीपत्रकं असतात. या वेळी चाचणी संपल्यावर सहभागी लोकांना निकाल सांगणारं चार पानी टिपण आलंय, आणि त्यात चक्क एक बॉक्स प्लॉट आहे. यकृताच्या एएलटी तपासणीचा, म्हणजे आपल्याकडच्या रिपोर्टवर अजूनही एसजीपीटी लिहितात तीच. प्रत्येक भेटीचा एक खोका, खोक्यात आडवी रेघ, वरखाली दांड्या आणि वरच्या दांडीच्याही वर विखुरलेले सात-आठ ठिपके.

त्या ठिपक्यांना इंग्रजीत ‘आउटलायर’ म्हणतात, मी ‘बहिष्कृत मूल्ये’ लिहिलं. आमच्याकडे पद्धत अशी की मूळ मजकूर न बघता दुसरा कुणी तरी मराठीचं परत इंग्रजी करतो आणि मग दोन्ही ताडून बघतात. उलटून काय आलं, तर ‘वाळीत टाकलेले रुग्ण’. कंपनीकडून तातडीची विचारणा: या रुग्णांना चाचणीतून कुणी आणि का काढलं? शुक्रवारपर्यंत शब्द हवाय.

काटेकोर
बहिर्वर्ती. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

नाचणी
हे टिपण वाचणार कोण? गोळ्या घेतलेली माणसं. त्यांना बहिर्वर्ती म्हटलं तर भिंगाचा प्रकार वाटेल.
बहिष्कृत मात्र काढलंस ते बरं केलंस. ज्या भाषेत १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघालं, त्या भाषेत हा शब्द एसजीपीटीच्या ठिपक्याला लावायचा नसतो. माझं मत ‘चुकार’ला. आमच्याकडे कळप सोडून भलतीकडे गेलेलं ढोर ते चुकार.

उंबरठा
चुकार म्हटलं की मला कामचुकार ऐकू येतं. गोळी वेळेवर घेतली नसणार, असा वास येतो त्याला.

खडकू
भूशास्त्रात हा शब्द आम्ही कधीपासून वापरतो. चहूकडे जुना खडक आणि मधे बेटासारखा उरलेला नवा खडक, तो आउटलायर. उलट असेल तर इनलायर. यातला ‘लाय’ पडून असण्याचा, खोटं बोलण्याचा नव्हे (वर्गात दरवर्षी एक जण विचारतोच). म्हणजे घर सोडून बाहेर निजणारा. माझ्या मते ‘ओसरीवरचा’!

मापात_पाप
जरा थांबा. मी याच धंद्यात आहे, दिवसभर हीच चित्रं काढतो. ठिपका म्हणजे काही तरी चुकलेलं, असं तुम्ही सगळे धरून चाललात.

खोक्यात मधली निम्मी माणसं असतात. खोक्याच्या उंचीच्या दीडपटीपर्यंत दांडी जाऊ शकते, तिच्या पलीकडे जो कुणी असेल तो ठिपका. ही दीडपट जॉन टुकी या संख्याशास्त्रज्ञाची, तिचा दुखण्याशी काडीचा संबंध नाही. एएलटीचे आकडे खाली दाटीवाटीने आणि वर लांब शेपूट असे पसरतात, त्यामुळे ठणठणीत माणसं घेतली तरी वर चार ठिपके दिसणारच.

लॅबची वरची मर्यादा ही वेगळीच रेघ. तीही सहसा निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून बेतलेली. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचीसुद्धा एखादी तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. त्यात एका लॅबची मर्यादा ४०, दुसरीची ५५. म्हणून अनेक गावांतल्या लॅबचे आकडे एका चित्रात घालताना आम्ही ‘मर्यादेच्या किती पट’ असं मांडतो.

खरी धास्ती वेगळ्याच चित्रात दिसते. आडव्या अक्षावर एएलटी, उभ्यावर बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य), प्रत्येक माणसाचा एक ठिपका. एएलटीची रेघ मर्यादेच्या तिपटीवर, बिलिरुबिनची दुपटीवर. उजवीकडच्या वरच्या चौकोनात कुणी गेला की जेवण टाकून त्याची फाइल उघडायची. पित्तमार्ग तुंबलाय का, काविळीचा विषाणू आहे का, दुसरं काही कारण सापडतं का, हे बघायचं. काहीच सापडलं नाही तर औषधावर संशय. अशी कावीळ झालेल्यांत साधारण दहातला एक दगावतो, हे हायमन झिमरमन यांचं निरीक्षण. त्यांना ‘हाय’ म्हणत, म्हणून ‘हायज् लॉ’. मधुमेहाचं ट्रोग्लिटाझोन अमेरिकेत बाजारात आलं आणि यकृतं निकामी होऊ लागली म्हणून २००० साली मागे घ्यावं लागलं. हजारो माणसांची सरासरी अशा वेळी जागची हलत नाही. आम्ही चित्र काढतो ते त्या एकट्या ठिपक्यासाठी, आणि तुम्ही त्याला चुकार म्हणताय.

जाता जाता: ‘हायज् लॉ’चं मराठी ‘उच्च नियम’ असं केलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

पाटीपेन्सिल
😄 मी त्याहून भारी पाहिलंय. औषधाआधी आकडा कमी, नॉर्मल की जास्त होता आणि नंतर कुठल्या घरात गेला, हे दाखवणारं शिफ्ट टेबल असतं ना? त्याचं एका मसुद्यात ‘पाळी तक्ता’ केलं होतं. चाचणी प्रोस्टेटच्या औषधाची.

काटेकोर
पाळी सोडा, त्यातला ‘तक्ता’ही चूक. टेबल म्हणजे सारणी, चार्ट म्हणजे आलेख. तक्ता फारसी, मूळ अर्थ फळी. मराठीला त्याची गरज नाही.

उंबरठा
माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. खाटेच्या पायथ्याशी पत्र्याच्या पाटीला चिमट्याने लावलेला कागद असायचा. तांबड्या शाईने ताप, निळ्या शाईने नाडी, ठिपके जोडून डोंगर काढलेले आणि खाली चौकटीत आकडे. ती सारणीही होती आणि आलेखही. रात्रपाळीच्या बाईला आई एवढंच विचारायची, “सहा नंबरचा तक्ता भरला का?” त्या बाईंनी काय, आधी व्युत्पत्ती बघायची?

नाचणी
आणि काटेकोरकाका, तुमची शाई फारसी, खुर्ची अरबी. उभ्याने बोरूनं लिहा आता.

काटेकोर
रुळलेले शब्द वेगळे. मी नव्याने आणण्याबद्दल बोलत होतो.

उंबरठा
तक्ता नवा?!

गणिताची_बाई
मूळ चित्राला नाव द्यायचं राहिलंच की. दांड्यांना इंग्रजीत मांजराच्या मिशा म्हणतात, म्हणून मी वर्गात ‘मिशीवाली पेटी’ म्हणते. पोरं विसरत नाहीत. आणि खोक्यातली रेघ म्हणजे मध्यक. कृपा करून मध्यगा लिहू नका, ती त्रिकोणाची.

खडकू
पेटी म्हटलं की मला आधी हापूस दिसतो, मग भजनीमंडळ.

नाचणी
आणि मुंबईत एक लाख रुपये.

काटेकोर
मापात_पाप यांनी ‘कावीळ’ लिहिलंय त्यावरून आठवलं. मूळ शब्द कामला. ग्रामचं गाव, नामाचं नाव, तसा मधल्या म-चा व झाला. असे शब्द घडायला शतकं लागतात. तुम्ही शुक्रवारपर्यंत मागताय.

मापात_पाप
हे मात्र मान्य. तरी बहिर्वर्ती नको. आमच्या टीममध्ये सहा मराठी माणसं आहेत, सगळी ‘आउटलायर’च म्हणतात. अनेकवचनही मराठी, “हे दोन आउटलायर बघितलेस का?” तोच शब्द ठेव आणि पुढे एक ओळ खुलासा दे.

नाचणी
म्हणजे समजणाऱ्यांना समजेल, बाकीच्यांनी डॉक्टरांकडे बघून मान डोलवायची. संमतीपत्रकांत वर्षानुवर्षं हेच चाललंय.

मापात_पाप
आणि चुकार लिहिलं म्हणजे ती माणसं खूश होणार? तुझं एसजीपीटी वाढलं तर तुला चालेल?

पाटीपेन्सिल
भांडू नका, शुक्रवार उलटला. ‘इतरांपासून दूर असलेले ठिपके’ लिहून पाठवलं. अडीच ओळींचा खुलासाही जोडला: प्रत्येक ठिपका एका माणसाचा आहे, दूर आहे म्हणून तो आजारी असेलच असं नाही, डॉक्टरांनी प्रत्येकाची तपासणी केली. उलटून काय येतंय ते बघू.

काटेकोर
‘दूर असलेले’ की ‘दूरचे’?

सदू_सोलापूर
आत्ताच धागा वाचला. माझी एसजीपीटी ५८ आली आहे, रिपोर्टवर मर्यादा ४० लिहिलीय. मी ओसरीवरचा का?

मापात_पाप
लॅबच्या मर्यादेच्या दीडपटीच्या आत आहात, पण हा आकडा इथे नको, डॉक्टरांना दाखवा.

गणिताची_बाई
५८ ‘आली’? मापात_पाप वर ‘वाढलं’ म्हणालेत.

सदू_सोलापूर
आमच्याकडे आलीच म्हणतात. शुगर वाढली, तशी एसजीपीटी वाढली.

उंबरठा
साखर स्त्रीलिंगी म्हणून शुगर वाढली. एसजीपीटीला मराठीत कोण आहे?

काटेकोर
वितंचक म्हणजे एन्झाइम. नपुंसकलिंगी. आलं.

खडकू
आमच्या घरी ‘आला’. रिपोर्ट आला म्हणून.