सल्ला हवाय: सात महिन्यांचं बाळ, डास आणि कॉइलचा धूर (बजेट दीड हजार)

मीनल_डोंबिवली
नमस्कार मंडळी. भाड्याचा वनबीएचके, पहिला मजला, खाली उघडं गटार, त्यामुळे सहा वाजले की डासांची झुंबड. सासूबाई रोज कॉइल लावतात, शिवाय बाळाला अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी. मला दोन्ही बंद करायचंय पण "आणि डेंग्यू झाला म्हणजे?" म्हटलं की माझी बोलती बंद. बजेट दीड हजार, खिडक्या दोन, मालक भिंतीला खिळा मारू देत नाही. काय घेऊ?

बापूकाका_सांगली
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कडुलिंबाचा पाला जाळतात. कुणाला काही झालं नाही. तुम्हा शहरातल्या पोरींना सगळ्याचीच भीती.

प्राजक्ता_पनवेल
काका, धूर तो धूरच, पाल्याचा काय नि कॉइलचा काय. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते, आणि आपण दारं-खिडक्या लावून त्यातच बाळ झोपवतो. मीनल, वेल्क्रोची जाळी घे, खिळा लागत नाही, पट्टी चिकटवायची. मी घेतलीय, मस्त आहे.

न्यूजर्सीकर
हेपा फिल्टरवाला एअर प्युरिफायर घ्या. आम्ही प्रत्येक बेडरूममध्ये एक ठेवलाय. तिकडे वीसेक हजारात चांगला मिळेल.

सँडी_नाशिक
दादा, बजेट वाचलंत का? आणि प्युरिफायरने डास जातात होय?

न्यूजर्सीकर
आरोग्याला बजेट लावायचं नसतं.

वंदना_कुलकर्णी_
भीमसेनी कापूर! मशीनवर वडी ठेवायची, केमिकलच नाही. पण असली हवा, बाजारात सगळा नकली.

गोट्या
ताई, कापूरही केमिकलच की. लहान मुलाने तोंडात घातला तर झटके येतात. सात महिन्यांचं म्हणजे आता रांगणार, सापडेल ते तोंडात.

वंदना_कुलकर्णी_
खायला कोण सांगतंय?? असली कापूर जळल्यावर काजळी सोडत नाही, करून बघा.

सँडी_नाशिक
कसलाही कापूर काजळी सोडतो हो.

शिल्पा_बेळगाव
रांगण्यावरून आठवलं. माझ्या भाच्याने खालच्या प्लगमधलं लिक्विडचं मशीन ओढून बाटली तोंडाला लावली. आत केरोसिनसारखं द्रावण असतं, घरात सगळे उलटी काढायच्या तयारीत, तर डॉक्टर फोनवर ओरडले, उलटी काढू नका, फुफ्फुसात जाईल, आहे तसं घेऊन या. पोरगं बरं झालं पण बहिणीने मशीनच फेकून दिलं. मीनल, लिक्विड घेऊच नकोस.

गोट्या
+१. आणि टपरीवर "हर्बल" म्हणून डासांच्या अगरबत्त्या मिळतात त्या तर अजिबात नको, कित्येकांत नोंदणीच नसलेलं कीटकनाशक असतं. पाकिटावर सीआयबीचा (सरकारी केंद्रीय कीटकनाशक मंडळ) नोंदणी क्रमांक नसेल तर हात लावू नये.

प्राजक्ता_पनवेल
म्हणूनच म्हणते जाळी घे.

डॉक्टरीणबाई
सासूबाईंसाठी उत्तर देते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त, आणि तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गटारावरचे संध्याकाळचे बहुतेक क्युलेक्स, ती डासांची वेगळी जात. म्हणजे रात्रीच्या कॉइलने डेंग्यू फारसा टळत नाही. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या, पिंप, हे आठवड्यातून एकदा रिकामं करा आणि घासा, अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं ओतून जात नाहीत.
अजून एक, कुणी विचारलं नसलं तरी. बाळाला कुणाचे ट्रंकेतले जुने कपडे आले असतील तर डांबरगोळ्यांचा वास बघा. जीसिक्सपीडी (रक्तातल्या लाल पेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळांमध्ये त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनने लाल पेशी फुटतात, कावीळ वाढते. धुऊन, दोन-चार दिवस उन्हावाऱ्यात ठेवून मगच घाला.

बापूकाका_सांगली
डांबरगोळ्या पण नको, धूर पण नको, मग जगायचं कसं.

अवलिया
मच्छरदाणी कुणीच कशी सुचवली नाही?

प्राजक्ता_पनवेल
सात महिन्यांच्या बाळाला? गुदमरतं, पंख्याचा वारा लागत नाही.

सँडी_नाशिक
मच्छरदाणीत पोराला घेऊन रात्री चारदा आतबाहेर करून दाखवा अवलियाशेठ. जाळीच बरी.

वंदना_कुलकर्णी_
मच्छरदाणीत डास शिरला की मग तोच राजा. कापूर लावा.

मीनल_डोंबिवली
सगळ्यांना थँक्यू. जाळीच्या गमने रंग निघतो म्हणून मालक त्यालाही नाही म्हणाला. मी पलंगाएवढी फोल्डिंग मच्छरदाणी घेतली, चेनवाली, खाली तळ असलेली, बजेटात बसली आणि वर रॅकेटपण आलं. वारा येतो ओ आत, पंखा एकाने वाढवला. लिक्विडचं मशीन हॉलमध्ये राहणार, सासूबाईंशी तेवढी तडजोड, पण कपाटाच्या वरच्या प्लगला. धुरी बंद झाली नाही, आता देवघरापुरती आणि तेव्हा बाळ आत. पण ट्रंकेचं बरं सांगितलंत डॉक्टरीणबाई, नणंदेच्या पिशवीला खरंच वास होता, सगळं धुवायला टाकलंय.

प्राजक्ता_पनवेल
दुसऱ्या कंपनीच्या पट्टीने रंग निघत नाही, लिंक देऊ का?

वंदना_कुलकर्णी_
हॉलमध्ये लिक्विडच्या जागी कापूर चालला असता.