आठवीच्या मुलांना पेशी कशी शिकवू? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, मी सोलापूरला आठवीला विज्ञान शिकवते, पेशी आणि पेशीअंगकं (पेशीच्या आतले छोटे भाग) चालूये. मागच्या वर्षी जेलीचं मॉडेल केलं तर आपल्या उन्हात तासाभरात केंद्रकासकट सगळं वितळलं 😅 म्हणून यंदा टॉवेलच्या चिंधीच्या घड्या घालून आंतर्द्रव्यजालिका (पेशीतलं घड्याघड्यांचं जाळं) केली, वर मोहरी चिकटवली की झाले रायबोझोम (प्रथिनं बनवणारे कण), आणि तंतुकणिका (पेशीला ऊर्जा देणारं अंगक, मायटोकॉन्ड्रिया) म्हणून शेंगदाणे (निम्मे पोरांनी खाल्ले). परासरण (पटलातून पाण्याचं आत-बाहेर जाणं) दाखवायला बेदाणे पाण्यात फुगवले, ते मात्र मस्त जमलं. अडलंय ते पेशीपटलापाशी (पेशीभोवतीचं पातळ आवरण), ते काही आत सोडतं काही अडवतं हे हाताने करून कसं दाखवायचं? चाळणी दाखवली तर पोरांना वाटतं फक्त आकाराचाच प्रश्न आहे. वर्गात ६० मुलं, खर्च कमीच हवा, कुणी केलंय का असं काही?