जिन्यातली गादी

*सेक्रेटरी:* बी विंगच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिजलेली गादी पडून आहे. वार्षिक सभा तोंडावर आली. ज्यांची असेल त्यांनी गादी आजच रिकामी करावी.

*बी-304:* साहेब, गादी तर तुम्हीच अडवून बसलायत 😄

*सेक्रेटरी:* जागा. जागा रिकामी करा म्हणायचं होतं.

*ए-102 आजोबा:* शब्दच चावट आहे हो. आपण साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी म्हणतो. 1731 च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या हद्दी ठरल्या, कापूस कुणी वाटून घेतला नव्हता.

*बी-304:* आणि पानाची गादी? स्टँडसमोर बघा, फळीवर चुन्याची डबी नि कात. मऊ असं काहीच नाही.

*सी-201:* तालीम विसरलात. महाराष्ट्र केसरीला माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, दोन्हीकडचे विजेते शेवटी भिडतात. गादी म्हणजे मॅट. आपटलं की तीही लागते, अनुभव आहे.

*बी-103:* सासूबाई विचारतायत, गादीवाफा कुठे गेला? गावाला भाताची रोपं त्याच्यावरच करतो. आजूबाजूच्या जमिनीहून उंच, माथा सपाट, कडेने चर. पाऊस कितीही कोसळला तरी पाणी चरातून निघून जातं, बी कुजत नाही.

*बी-204 काकू:* गादी आमची. पिंजारी येतो म्हणालान, म्हणून खाली आणत होतो. तो आलाच नाही, पाऊस मात्र आला, खिडकीतून सगळी झड तिच्यावर. दाभणाचे टाके सुटलेत, एका कोपऱ्यातून कापूस बाहेर आलाय, आत गोळे गोळे झालेत. उशा बऱ्या, त्या सावरीच्या. माहेरी बोंडं फुटायच्या आत काढायची नि टोपलीखाली वाळत घालायची, नाहीतर वाऱ्याने सगळं अंगण पांढरं. तो कापूस इतका गुळगुळीत की धड सूत निघत नाही, उशीतच जायचा.

*सेक्रेटरी:* काकू, छान आहे सगळं, पण माणूस आडवा होऊन जातोय तिथून. वर घ्या.

*बी-204 काकू:* घेणार कोण? ह्यांच्या मणक्यातली गादी सरकल्येय.

*ए-102 आजोबा:* बघा, आणखी एक! आणि ती सरकतही नाही खरं तर. दोन मणक्यांमधली चकती फुगून बाहेर येते नि नस दाबते. मी तीन महिने झोपून काढलेत. ओलं वजन वाकून उचलू नका कुणी.

*सी-201:* मी येतो. एकट्याने नाही जमायची, पाणी प्यायलेली आहे.

*सेक्रेटरी:* थांबा, दुसरं टोक मी धरतो.

*बी-304:* साहेब, सभेआधी एकदा ठरवा, गादी सोडताय की धरताय?